सिकलसेल आजार : उपचारसातत्य (नागपूर विभाग)

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात औषधे, तपासण्या व दिनचर्येचे नियम रुग्णाने आणि घरच्यांनी वर्षानुवर्षे पाळणे, याला उपचारसातत्य म्हणतात. अमेरिकेत हा आजार दुर्मिळ गणला जातो. विदर्भात मात्र आदिवासी, दलित व इतर मागास समाजांतील असंख्य घरांना तो परिचित आहे.

पार्श्वभूमी : भारतातील सिकलसेलची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. मध्य भारतातील सिकलसेलवर शुक्ला व सोलंकी यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांना या क्षेत्रातील कार्यासाठी २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

उपचार : या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडा-सांध्यांत असह्य कळा येतात. कावीळ, जंतुसंसर्ग व पक्षाघाताचाही धोका असतो. रोज फॉलिक ॲसिड, पाच वर्षांखालील मुलांना पेनिसिलिन, न्यूमोकॉकल लस, भरपूर पाणी आणि गरजेनुसार हायड्रॉक्सीयुरिया ही उपचारांची मुख्य अंगे होत. हायड्रॉक्सीयुरियामुळे कळांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने दाखवले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम या कमी मात्रेनेही तीव्र आजाराच्या मुलांना लाभ झाला. कमी मात्रेचा खर्च गरीब कुटुंबाला पेलतो.

अडथळे : हायड्रॉक्सीयुरियाचा गुण यायला काही महिने लागतात, दुखणे थांबले की गोळ्याही थांबतात. हेच औषध कर्करोगातही वापरले जाते, हे कळल्यावर पालक धास्तावतात. गडचिरोली किंवा मेळघाटातून नागपूरला यायचे तर मजुरी बुडते. मुलीचे लग्न जमणार नाही या भीतीने आजार लपवला जातो. या रुग्णांना वारंवार लघवीला जावे लागते. शाळेत शौचालय नसले किंवा परवानगी मिळाली नाही, तर मूल पाणी पिणेच टाळते. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले की कळा उसळू शकतात.

साहाय्यकारी घटक : औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात, किमान महिन्याभराचे एकदम मिळणे सर्वांत मोलाचे. गोळी कशासाठी, किती दिवसांत गुण येतो, रक्ततपासणी केव्हा करायची आणि गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांना आधी का सांगायचे, हे रुग्णाच्या बोलीत समजावले तर भीती ओसरते. जेवणाच्या वेळेला जोडलेली गोळी सहसा चुकत नाही. पाणथरी (प्लीहा) कशी चाचपायची आणि ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालय का गाठायचे, हे आईला शिकवले तर मुलाचा जीव वाचू शकतो. तपासणी चुकलेल्या घरी आशा कार्यकर्ती किंवा सिकलसेल सहायकाने जाणे, शिक्षकांना आजाराची कल्पना देणे आणि दुसऱ्या रुग्णकुटुंबाशी गाठ घालून देणे यांमुळे उपचार टिकतात.

शासकीय आधार : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. सिकलसेल रुग्णांना राज्य परिवहनाच्या बसप्रवासात सवलत मिळते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलनाचे आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतरची आयुष्यभराची सोबत हा या कामाचा अधिक अवघड भाग होय. औषध, प्रवास आणि समजावणी या तिन्ही गोष्टी वेळेवर पोहोचवणे ही आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी आहे. त्या पोहोचल्या नसताना खंडित उपचारांचा दोष घरच्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते.