चायनीज आपल्या गावात आले कसे?

अलिबागचा इतिहास म्हटला की आपण कान्होजी आंग्रे, कुलाबा किल्ला, १९०४ पासूनची चुंबकीय वेधशाळा, फार तर बेने इस्रायली मंडळींच्या तेलाच्या घाण्या इथवर येतो. त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक सोसायटीत आहेत. मी बँकेत उभी हयात काढलेला माणूस. संपादक मंडळाने विषय मोकळा सोडला, म्हणून मी असा इतिहास घेतला आहे जो रोज संध्याकाळी सात वाजता आपल्या गेटसमोर भट्टीसकट पेटतो. होय, चायनीजची गाडी.

या गाडीवर आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दोनदा चर्चा झाली आहे, हे सभासदांना ठाऊक आहेच. धूर, पार्किंग, उष्टी पाणी हे मुद्दे रास्त आहेत, त्यांचे काय ते कमिटी ठरवील. पण दोन्ही वेळी आणखी एक मुद्दा निघाला, की हे परक्यांचे खाणे आपल्या दारात कशाला? हा ‘परके’ शब्द मात्र मला तपासून पाहावासा वाटला.

आपल्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर चौल. तिथल्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे मिळालेले आहेत. म्हणजे चीनचा माल या किनाऱ्यावर आंग्र्यांच्या कितीतरी आधीपासून उतरत होता. लोणच्याच्या बरणीला आपण चिनीमातीची म्हणतो, त्यात कुणाला परके वाटत नाही. आणि शेवया काही चिन्यांनी आपल्याला शिकवल्या नाहीत. उन्हाळ्यात खाटेवर वाळत घातलेल्या गव्हाच्या शेवया आपण लहानपणी सर्वांनी चोरून खाल्ल्या आहेत. तळकोकणात तांदळाच्या उकडीचे शिरवाळे साच्यातून पाडून नारळाच्या गोड रसात खातात. ती नूडल्सच, फक्त नाव वेगळे.

पण गाडीवरच्या नूडल्सचा रस्ता चौलवरून येत नाही, तो कोलकात्यावरून येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, टाँग अच्यू नावाच्या चिनी माणसाने कोलकात्याच्या खाली हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. पुढे चीनमधून आणखी लोक येत गेले. त्यांतले हक्का समाजाचे लोक कातडी कमावण्याच्या धंद्यात शिरले आणि टांगरा भागात स्थिरावले. आपण गाडीवर ‘एक हक्का’ अशी ऑर्डर देतो, तो हक्का म्हणजे मसाला नव्हे, माणसांचे नाव आहे! कामगारांसाठी शिजणारे हे घरचे जेवण पुढे हॉटेलांत आले आणि गिऱ्हाईक बंगाली, पंजाबी, मारवाडी असल्यामुळे त्यात हिरवी मिरची, आले-लसूण वाढत गेले.

मुंबईतही चिनी वस्ती होती आणि ती नेमकी आपल्या वाटेवर होती. जुन्या लोकांना रेवसची लाँच आठवत असेल. ती भाऊच्या धक्क्याला लागायची. तिथून डॉकयार्ड रोडकडे चालत निघाले की माझगावात नवाब टँक रोडवर एक लहानसे लाल दाराचे चिनी देऊळ लागते. १९१९ साली चिनी खलाशांच्या समाजाने ते बांधले. आपल्याकडचे कितीतरी चाकरमानी डोक्यावर तांदळाचे बोचके आणि हातात सुकी मासळी घेऊन त्या भागातून गेले असतील. गोदीत काम करणारे चिनी, दात बसवणारे चिनी दंतवैद्य, केस कापणाऱ्या चिनी बायका, हे मुंबईचे ओळखीचे दृश्य होते. कुलाब्याला नानकिंग आणि चर्चगेटला कामलिंग ही त्यांची नावाजलेली हॉटेले. आमच्यासारख्यांना ती बाहेरूनच ठाऊक!

मग १९६२ चे युद्ध आले. मी तेव्हा शाळेत होतो, जवानांसाठी पैसे गोळा करत प्रभातफेरीत हिंडल्याचे आठवते. चीनबद्दल राग होता आणि तो साहजिक होता. पण त्या रागाचे एक बिल भलत्याच लोकांच्या नावावर फाटले, हे आम्हाला फार उशिरा कळले. भारतात जन्मलेल्या, काही पिढ्या इथेच राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, बहुतेक आसाम-बंगालकडच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह आणि पोरांसह गाडीत बसवून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले. खटला नाही, आरोपपत्र नाही. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडले. परत आले तोवर अनेकांची दुकाने-घरे गेलेली होती. पुष्कळ जण कॅनडाला निघून गेले. जे राहिले त्यांच्यापैकी अनेकांना हॉटेल किंवा ब्युटी पार्लर हाच आधार होता. आणि गंमत पाहा, सोळा वर्षांपूर्वी १९४६ साली ह्याच देशाने आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा सिनेमा डोक्यावर घेतला होता. चिनी जखमींची सेवा करता करता १९४२ साली तिकडेच वारलेला हा आपला माणूस.

तर राहिलेल्या या लोकांनी आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढच्या वीस वर्षांत जे बनवले ते चीनमध्ये मिळत नाही. १९७० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन निघाले आणि सिचुआन प्रांताचे तिखट जेवण इथल्या श्रीमंतांना कळले. त्याचेच पुढे ‘शेजवान’ झाले. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईला आले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियात १९७५ च्या सुमारास काहीतरी नवे द्या म्हटल्यावर त्यांनी आले, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातले, तेच चिकन मंचुरियन, असे सांगितले जाते. मंचुरियात कुणी ते ओळखणार नाही.

शेजवानची आणखी एक मौज. खऱ्या सिचुआनी स्वयंपाकाचा जीव ज्या मिरीत असतो, जिभेला मुंग्या आणणाऱ्या, ती आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण आहे. वनस्पतिशास्त्रात दोघींचे कुळ एक. तळकोकणात बांगड्याच्या कालवणात तिरफळे ठेचून घालतात, तोच झणका. आपल्या गाडीवरच्या शेजवान चटणीत ती मिरी औषधालाही नसते. असतो लसूण, लाल मिरची आणि तेल. म्हणजे चीनचे म्हणून आपण जे खातो त्यात चीन नाही, आणि जे खरे चिनी आहे त्याचा भाऊबंद मालवणी बाईच्या डब्यात पडून आहे.

आपल्या बाजूला हे आले ते बरेच नंतर. आपला जिल्हा १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला. थळचा खत कारखाना १९८५ च्या सुमारास सुरू झाला, कुरुळला वसाहत झाली, देशभरचे इंजिनिअर आले. उरणकडे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर. पगारदार, बाहेर खाणारा माणूस प्रथमच मोठ्या संख्येने इथे आला. त्याच दशकात मॅगी घराघरांत पोहोचली आणि पोरांच्या जिभेला लांब शेवया पाण्यात शिजवून तिखट खायची सवय लागली. माझ्या आठवणीप्रमाणे अलिबागला चायनीजच्या पहिल्या गाड्या त्या दशकाच्या अखेरीस दिसल्या. त्यांवर ड्रॅगन रंगवलेला आणि ‘चायनीज’ हा शब्द चार प्रकारे लिहिलेला.

इथून पुढचा इतिहास मी टेबलाच्या पलीकडून पाहिला. २ ऑक्टोबर १९९३ ला पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. सुशिक्षित बेकारांना एक लाखापर्यंत कर्ज, तारण नाही, पंधरा टक्के सबसिडी पण साडेसात हजारांच्या वर नाही. अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडून यायचे. मी तेव्हा तालुक्यातल्या एका शाखेत कर्जाचे काम पाहत होतो. किराणा, झेरॉक्स, रिक्षा, शिलाई मशीन अशा ठरलेल्या धंद्यांच्या गठ्ठ्यात एक दिवस ‘चायनीज सेंटर’ आले. अर्जदार कोळीवाड्यातला दहावी नापास पोरगा. घरची होडी काकाच्या वाट्याला गेलेली. हा मुंबईत फोर्टच्या एका चायनीज हॉटेलात तीन वर्षे भांडी घासून, भाज्या चिरून आलेला. भांडवलाची यादी त्याने स्वतः लिहिली होती: लोखंडी कढई दोन, मोठा बर्नर, सिलेंडर, स्टीलचे डबे, गाडी, बाकडी. मॅनेजरसाहेब म्हणाले, हे खाणार कोण? मी त्याला विचारले, तर म्हणाला, “साहेब, वडापाव माणूस एकटा खातो. ह्ये घरची सगळी मिळून खातात.” एवढा नेमका मार्केट सर्व्हे मी एमबीएवाल्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टातही नंतर पाहिला नाही. कर्ज मंजूर झाले आणि मुदतीच्या आधी फिटले. त्या योजनेची वसुली एकूणात कशी होती ते बँकेतल्या मंडळींना विचारा, म्हणजे या एका खात्याची किंमत कळेल.

आज गाडीवाल्यांना १ जून २०२० पासूनची स्वनिधी योजना आहे, ती सुरू झाली तेव्हा पहिले कर्ज दहा हजारांचे होते. दुसऱ्या टोकाला, बाटलीतली शेजवान चटणी विकणारी कंपनी टाटांनी २०२४ साली ५,१०० कोटींना घेण्याचा सौदा केला. धंदा एकच, मधली शून्ये मोजा.

आता चांगले चायनीज ओळखायचे कसे, हे मला नातवंडांपेक्षा बरे कळते असे माझे मत आहे. मेनूकार्ड वाचू नका, उकडलेल्या नूडल्सचे भांडे बघा. त्या पांढुरक्या, सुट्या, तेलाचा हात लावून कापडाखाली झाकलेल्या हव्यात. आधीच तपकिरी करून ढीग रचला असेल तर पुढे जावे. कोबी समोर चिरतो का बघा. दर ऑर्डरनंतर कढई गरम पाण्याने खरडून धुतो का बघा, यातच निम्मी परीक्षा होते. आच मोठी हवी, भांडे सतत हलते हवे, सोया सॉस कडेने सोडला की चर्र आवाज यावा आणि किंचित करपल्याचा वास यावा. तो वास घरच्या गॅसवर येत नाही, म्हणून सौ.नी कितीही प्रयत्न केला तरी घरच्या नूडल्स ‘शेवयांचा उपमा’ होतात (हे त्यांनीच म्हटले आहे, मी नाही). हक्का मागितल्यावर न विचारता लाल चटणी घालणारा माणूस कालच्या मालाची चव झाकतो आहे असे समजावे. बोटे लाल झाली तर तो रंग आहे, मिरची नव्हे. आपल्या किनाऱ्यावर कोळंबी घातलेल्या नूडल्स मागाव्यात. कोळंबी शेवटी पडली पाहिजे, आधी टाकली की रबर होते.

अजिनोमोटोचे भय सभासद भगिनी नेहमी बोलून दाखवतात. १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळापासून तो पदार्थ वेगळा केला. तसाच पदार्थ टोमॅटोत आणि आपल्या सुक्या मासळीतही निसर्गतः असतो. १९६८ पासून त्याच्यावर डोकेदुखीचा आरोप आहे, पण काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत तो ठामपणे सिद्ध झालेला नाही. आमच्या वयाच्या लोकांनी खरी काळजी करायची ती मिठाची. सोया सॉस, चटणी आणि हा, तिन्हीकडून मीठच येते. बीपीवाल्यांनी हाफ प्लेट सांगावी आणि सॉस कमी घालायला लावावा, तो घालतो.

आपल्या गेटवरच्या गाडीवर सोमवारी आणि संकष्टीला फक्त व्हेज असते, श्रावणात महिनाभर. कढया वेगळ्या आहेत, मी विचारून घेतले आहे. जायचे असेल तर साडेसात ते साडेआठ, नवानंतर तेल थकलेले असते आणि कोबीही.