खंदकातील मद्य आणि सैनिकांचे सख्य

पहिल्या महायुद्धातील फ्रेंच सैनिकांचे लेखन मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकास प्रथम अडविणारा शब्द म्हणजे 'पिनार'. खंदकात शिध्याबरोबर मिळणाऱ्या स्वस्त, तुरट, तांबड्या द्राक्षमद्याचे हे सैनिकी बोलीतील नाव. त्यास 'मद्य' म्हणावे, तर शब्द पोथीत जाऊन बसतो. 'दारू' म्हणावे, तर त्याला व्यसनाचा आणि कलंकाचा दर्प येतो. फ्रेंच कष्टकऱ्याच्या लेखी ते जेवणातील नित्याचे पेय होते. शिधा, ऊब, घराची आठवण आणि सोबत्यांचा सहवास ही सारी त्या दोन अक्षरी उच्चारात एकवटली होती. तेव्हा या शब्दाचा इतिहास पाहणे म्हणजे निव्वळ कुतूहलाची तृप्ती नव्हे.

या इतिहासाचा आरंभ खंदकात होत नाही. दक्षिण फ्रान्समधील लांगदॉक प्रांतात विसाव्या शतकाच्या प्रारंभी द्राक्षमद्याचे भाव कोसळले आणि १९०७ साली तेथील बागाईतदारांनी मोठा उठाव केला. नार्बोन येथे गोळीबार झाला. स्थानिक तरुणांचा भरणा असलेल्या सतराव्या पायदळ रेजिमेंटमधील शेकडो शिपायांनी बंड केले. पुढे सातच वर्षांनी, १९१४ साली, याच प्रदेशातील उत्पादकांनी लष्करी रुग्णालयांना दोन लक्ष हेक्टोलिटर, म्हणजे दोन कोटी लिटर, मद्य देणगीदाखल दिले. लवकरच शासनाने ते शिध्यात समाविष्ट केले. प्रारंभी दररोज पाव लिटर, १९१६ मध्ये अर्धा लिटर आणि अखेरच्या वर्षी पाऊण लिटरपर्यंत हे प्रमाण वाढत गेले. अल्जीरियातील मद्यही त्यात मिसळले जाऊ लागले. याच शासनाने १९१५ साली 'आब्सँत' या कडक मद्यावर कायद्याने बंदी घातली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. एक पेय राष्ट्राचे विष ठरले, दुसरे राष्ट्राचे बळ. सैनिकाच्या पेल्यात अशा रीतीने बाजारपेठेचा आणि शासनाचा हिशेबही ओतला जात होता.

मग त्या पेल्याभोवती जमणारे सख्य हेदेखील शासननिर्मितच मानावयाचे काय? तसे मानणे उतावीळपणाचे होईल. शासन मद्य पाठवी. पण ते आघाडीपर्यंत पोहोचे सैनिकांच्याच खांद्यावरून. रात्रीच्या अंधारात, चिखलातून आणि तोफांच्या माऱ्यातून, पाळी आलेले शिपाई गळ्यात अनेक सोबत्यांचे बुधले अडकवून येत. बुधला फुटला की तो साऱ्या टोळीचा तोटा असे. पाव लिटरच्या पत्र्याच्या पेल्याने वाटप होई आणि त्या मापाकडे सर्वांचे डोळे लागलेले असत. भांडणे होत, चोऱ्याही होत. पिछाडीचे दुकानदार अवाच्या सवा भाव लावीत आणि खिशात पैसा असलेला व नसलेला यांच्यातील अंतर तेथे उघडे पडे. तरीही ज्याचे माप त्यास मिळाले पाहिजे, हा दंडक टोळीचा होता. फ्रेंच भाषेत सवंगड्यास 'कोपँ' म्हणतात; त्याचा मूळ अर्थ, ज्याच्यासवे भाकरी खावी तो. सख्याचा पाया नशेत नव्हता. तो वाटून घेण्यात होता. आँरी बार्ब्यूस याने १९१६ मधील आपल्या कादंबरीस 'एका टोळीची रोजनिशी' असे उपशीर्षक दिले, त्यातील औचित्य येथे पटते.

तथापि वरिष्ठांना या सख्यापेक्षा मद्याचाच महिमा अधिक वाटला. सेनापती झोफ्र हा रिव्हसाल्त गावच्या पिंपे घडविणाऱ्या कारागिराचा पुत्र. त्याने 'जनरल पिनार'चे कौतुक केल्याचे सांगतात. विजयानंतर त्या कौतुकास ऊत आला. परंतु एप्रिल १९१७ मधील चढाई फसली आणि फ्रेंच सैन्यात ठिकठिकाणी आज्ञाभंग झाला, तेव्हा अधिकाऱ्यांच्या अहवालांत त्याच मद्यावर ठपका आला. शौर्य दिसले, तर ते मद्याचे. बंड झाले, तर तेही मद्याचे! या दोन्ही निवाड्यांत सैनिकाच्या स्वतःच्या विवेकास जागाच उरत नाही.

लुई बार्तास या कॉर्पोरलच्या वह्या येथे मोलाची साक्ष देतात. हाही दक्षिणेतला आणि पिंपे घडविणाराच. १९७८ साली त्याच्या वह्या प्रसिद्ध झाल्या. १९१७ च्या त्या अस्वस्थ दिवसांत त्याच्या तुकडीतील शिपायांनी त्यास आपला पुढारी नेमू पाहिले. त्याने ते नाकारले. मात्र रजा लांबविल्याच्या निषेधाचे निवेदन सोबत्यांच्या वतीने त्याने लिहून दिले. हे मद्यपीच्या बरळण्याचे लक्षण नव्हे. एकत्र सोसलेल्यांनी एकत्र केलेला तो विचार होता.

अनुवादकाने 'पिनार' हा शब्द तसाच ठेवावा, असे मला वाटते. 'दारू' या शब्दाने अधिकाऱ्यांचा ठपका मराठीत येईल आणि 'अमृत' म्हटल्याने सेनापतींची स्तुती. सैनिकाचा पेला या दोहोंपासून वेगळा होता. आणि तो वेगळेपणा राखणे हे अनुवादाइतकेच इतिहासाचेही काम आहे.