भूत नेहमी पुढच्या गावचं

पोटभर जेवण झालं की कुणाला बडीशेप लागते, कुणाला पान लागतं, आणि काही लोकांना एखादा खून लागतो. अस्मादिक या तिसऱ्या वर्गातले. रात्री साडेनऊला दार लावावं, कडी दोनदा ओढून बघावी, पांघरूण गुडघ्यापर्यंत घ्यावं (कथानक वाढेल तसं ते आपोआप वर सरकतं) आणि कुठल्यातरी आडरानातल्या पडक्या घरात चार निष्पाप माणसं सोडून द्यावीत. पहाटेपर्यंत त्यांतला एखादाच शिल्लक राहतो. आपण मात्र सहाला उठून दुधाची पिशवी आणायला जातो, आणि दूध पातळ आहे म्हणून दूधवाल्याशी भांडतो.

"झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा माणूस हे असलं वाचतो तरी कसा?" असा सवाल आमच्या घरातून गेली चाळीस वर्षं येतो आहे. त्याचं उत्तर अगदी साधं आहे. झुरळ खरं असतं.

या प्रकारच्या गोष्टींचा साचा आता जगभर पाठ झालेला आहे. शहरातली तरुण मंडळी सुट्टीला निघतात. गाडी नेमकी रानात बंद पडते. पेट्रोल पंपावरचा म्हातारा "पुढं जाऊ नका" म्हणतो. मंडळी अर्थात पुढं जातात, कारण मागं फिरली तर पुस्तक सोळा पानांत संपेल. पुढं एक घर असतं, घरात एक कुटुंब असतं, आणि त्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात डोकावू नये हेच बरं. अमेरिकेनं १९७४ साली टेक्सासमधल्या लाकूडकापणीच्या यांत्रिक करवतीचा सिनेमा काढून या घराण्याची पडद्यावर प्रतिष्ठापना केली. पुढं जॅक केचम नावाच्या लेखकाची 'ऑफ सीझन' ही कादंबरी आली. तिच्यात न्यूयॉर्कची मंडळी मेन राज्याच्या किनाऱ्यावर विश्रांतीला जातात आणि गुहेत राहणाऱ्या नरभक्षक कुटुंबाच्या तावडीत सापडतात. प्रकाशकालाच ती इतकी झेपेना, की त्यानं तिच्यातला बराच मजकूर छाटला. लेखकाच्या मनासारखी आवृत्ती निघायला १९९९ साल उजाडलं.

पण केचमची गुहा जुनीच होती. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सॉनी बीन नावाचा एक इसम बायको, मुलं, नातवंडं असा चाळीसेक माणसांचा गोतावळा घेऊन गुहेत राहत होता आणि वाटसरूंना मारून, मीठ लावून टिकवून ठेवत होता, अशी कथा अठराव्या शतकात छापील चोपड्यांतून खपत असे. शेवटी म्हणे राजा स्वतः शिकारी कुत्री घेऊन गेला आणि सगळ्यांना पकडून आणलं. असा काही सॉनी बीन झाला होता याला पुरावा कोणाला सापडलेला नाही. गंमत अशी, की घटना स्कॉटलंडची आणि चोपड्या छापायच्या इंग्लंडात. इंग्रजाला रात्री मजेत घाबरायचं असलं की तो स्कॉटिश माणसाच्या हातात सुरी द्यायचा. या साहित्यप्रकाराचा पहिला नियम तिथंच ठरला: आडरान हे नेहमी दुसऱ्याचं असतं.

आता आमच्याकडे या. मी मुरुडचा. हे वाक्य पुण्यात किंवा मुंबईत उच्चारलं की समोरचा गृहस्थ डोळे मिटून म्हणतो, "वा! काय समुद्र आहे हो! आणि तो जंजिरा!" त्याला सांगावं लागतं, की ते मुरुड वेगळं. आमचं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं. आमच्याकडे समुद्र नाही. काही वर्षी तर विहिरीतही नसतो. किल्ल्याच्या नावानं म्हणाल तर बार्शी लाईट रेल्वेचं स्टेशन. १९११ साली लातूरपर्यंत आलेली ती अडीच फुटी रुळांची गाडी अशा बेतानं चालायची, की खिडकीतून पडलेली टोपी माणूस उतरून उचलायचा आणि पुन्हा गाडी धरायचा, असं आमचे वडीलधारे सांगत. गृहस्थाचा चेहरा उतरतो. मग तो विचारतो, "म्हणजे मराठवाडा? तिकडे काय, अजून ते... जादूटोणा वगैरे?" हे विचारताना त्याच्या आवाजात जी गोड शिरशिरी असते, ती मी ओळखतो. माझ्याही आवाजात ती रात्री साडेनऊनंतर असते.

या शिरशिरीचं पहिलं घाऊक उत्पादनही आमच्याच भागाशी नातं असलेल्या एका साहेबानं केलं. फिलिप मेडोज टेलर. पोरसवदा वयात निजामाच्या चाकरीत शिरला, पुढं ठगांच्या बंदोबस्ताशी त्याचा संबंध आला, आणि १८३९ साली त्यानं लंडनमध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक अमीर अली वाटसरूंशी गोड बोलतो, मैत्री करतो, आणि वेळ आली की रुमालाचा फास टाकतो. स्वतःच्या नावावर त्यानं ७१९ खून लावून घेतलेत. मधली बारा वर्षं तुरुंगात वाया गेली, नाहीतर हजार पुरे झाले असते, अशी त्याला हळहळही आहे. फलंदाज नव्वदीत बाद झाला की जी असते, ती हळहळ. विलायतेत पुस्तकावर उड्या पडल्या. तेव्हा विशीत असलेल्या राणी व्हिक्टोरियानं छापायच्या आधीच मुद्रितं मागवून वाचली असं सांगतात. राज्यकारभाराच्या फायली साचल्या असतील बिचारीच्या!

हाच टेलर १८५३ साली नळदुर्गला जिल्ह्याचा अधिकारी म्हणून आला. नळदुर्ग आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत, आणि आमचं मुरुड तर लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा होईपर्यंत उस्मानाबादकडेच होतं. म्हणजे लंडनच्या दिवाणखान्यात बसून लोक ज्या भयाण मुलखाच्या नावानं शहारत होते, तो मुलूख थोडा इकडेतिकडे आमचाच की! आमचे पूर्वज तेव्हा काय करत होते? माझ्या अंदाजानं ज्वारी काढत होते, आणि आपण भयाण आहोत याची त्यांना काडीइतकी कल्पना नव्हती.

ठगांच्या त्या गोष्टींत खरं किती आणि साहेबाच्या वहीतली भर किती, यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. पण वाद मिटायची वाट कायद्यानं पाहिली नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जातीत जन्मला म्हणजे चोर, हजेरी लाव, परवानगीशिवाय हलू नको. १९५२ साली तो कायदा गेला. कायदा कागदावर असतो, कागद फाडता येतो. गोष्ट लोकांच्या डोक्यात असते, तिला कुठून फाडणार? हे जरा लक्षात असू द्या, पुढं लागेल.

मराठीत रीतसर घाबरवण्याचं काम नारायण धारपांनी केलं. १९२५ ते २००८ एवढं आयुष्य, शंभराहून जास्त पुस्तकं, आणि ती वाचून रात्री मोरीपर्यंत एकटं जायला नकार देणारी निदान दोन पिढ्या. आमच्या गावच्या वाचनालयात धारपांच्या पुस्तकांची अवस्था बघूनच त्यांची लोकप्रियता कळायची. पुठ्ठा गेलेला, शिवण सुटलेली, आणि शेवटची आठ पानं हमखास नाहीशी. त्यामुळं दुष्ट शक्तीनं सगळ्यांना घेरल्यावर पुढं 'समर्थ' येऊन वाचवतात की नाही, हे आम्हाला आमच्या जबाबदारीवर ठरवावं लागे. वर कुणीतरी समासात पेन्सिलीनं "हा पुढे मरतो" असं लिहून ठेवलेलं असायचं. खरा खुनी तो.

मोठेपणी कळलं, की धारपांनी अमेरिकेतलं बरंच सामान आपल्याकडे आणून मराठी पद्धतीनं लावलं होतं. त्यांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून, 'शपथ' ही 'इट'वरून. किंगही मेन राज्याचाच. त्या मेनच्या माणसांना लोक घराची पट्टी तरी कशी देत असतील कोण जाणे. धारपांची 'आजी' ही कथाही मुळात किंगचीच. तीच एका मित्राच्या तोंडून नागझिऱ्याच्या जंगलात ऐकलेली राही बर्वे यांच्या डोक्यात राहिली, आणि तिच्यातून २०१८ साली 'तुंबाड' हा सिनेमा उभा राहिला. नाव पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. बघा प्रवास: अमेरिकेच्या कोपऱ्यातली म्हातारी पुण्यामार्गे कोकणात येऊन धो धो पावसात बसली.

आणि कोकणातच का बसली? तर आम्हा मुरुडच्या पोरांचंही तेच मत होतं. आम्ही धारप वाचायचो, रत्नाकर मतकरींचा 'खेकडा' वाचायचो, आणि आमची पक्की खात्री होती की हे सगळं तिकडे होतं. तिकडे म्हणजे माडांत, विहिरींत, चौसोपी वाड्यांत. आमच्या माळावर भुतानं राहायचं कुठं? भुताला निदान सावली लागते. बाभळीवर बसलं तर काटे टोचतील. एकूण एक पिंपळ होता, त्यावर मुंजा आहे असं म्हणत. पण त्याच्याखाली बाजाराच्या दिवशी इतकी गर्दी असायची, की मुंजाचाच जीव गुदमरत असेल. माझी आजी कंदिलाची काच पुसता पुसता विचारायची, "काय वाचायलास रे एवढं डोळे फाडून?" मी म्हणायचो, "भुताचं." ती म्हणायची, "वाच बाबा. भूत काय मागतंय, लिंबू नाहीतर नारळ. ज्वारी तर मागत नाही ना?"

ते १९७२ साल होतं. ज्वारीचं महत्त्व आजीला धारपांपेक्षा जास्त कळत होतं. दुष्काळ असा पडला होता, की चांगल्या घरच्या बायाही खडी फोडायला कामावर जात होत्या. घरोघर अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी होत्या, आणि त्या तव्यावर फुगत नसत. या दुष्काळाला खलनायक नव्हता. कुणाला मंत्र घालून, कुणाच्या छातीत खिळा ठोकून पाऊस पडणार नव्हता. धारपांच्या पुस्तकात संकटाला निदान चेहरा असायचा आणि पानं शाबूत असली तर शेवट असायचा. त्या वर्षी आम्ही पोरं ती पुस्तकं इतक्या हावरटपणे का वाचत होतो, याचं कारण मला तरी हेच दिसतं.

आणि मग परभणी जिल्ह्यातून मानवतच्या बातम्या यायला लागल्या.

त्या आठवल्या की आजही माझ्या पेनातला विनोद वाळतो, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत मानवतच्या परिसरात लहान मुली आणि बायका यांचे खून होत राहिले. सरकार पक्षाची हकीकत अशी होती, की पिंपळाखाली गुप्तधन आहे, त्यावर मुंजा आहे, आणि त्याला रक्त हवं आहे. आमच्याच पुस्तकातलं सगळं सामान! पिंपळ, मुंजा, धन, मांत्रिक, अमावास्या. फरक एवढाच, की हे कंदील विझवून बाजूला ठेवता येत नव्हतं. गावच्या पोलिसांना उलगडा होईना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८ साली मुंबईत रामन राघवचा तपास करणारे तेच. धारपांच्या समर्थांकडे दिव्य शक्ती होती. कुलकर्ण्यांकडे बहुधा जबान्यांची भेंडोळी आणि चिकाटी. खटला झाला, पहिल्या न्यायालयात शिक्षा झाल्या. पुढं काहींच्या कायम राहिल्या, पण सगळी कथा ज्या दोघांभोवती फिरत होती ते दोघे १९७६ साली उच्च न्यायालयातून सुटले. गावोगावच्या पारांवर त्यांना कधीच फाशी होऊन गेली होती. पारावर अपील नसतं.

त्या काळात मुरुडला शाळेत जाणाऱ्या पोरींसोबत मोठं माणूस जायला लागलं. आमच्या बहिणीला संध्याकाळी अंगणाबाहेर सोडत नसत. मानवत काही जवळ नव्हतं, पण भीतीला एसटीचं तिकीट लागत नाही. आणि एक गोष्ट झाली. आमच्या दाराशी वर्षा-दोन वर्षांतून एक पारधीण यायची. तितर आणायची, कसल्या कसल्या मुळ्या आणायची. आजीचे गुडघे तिच्याच मुळीवर चालत. मानवतच्या खटल्यात एक पारधी बाई होती, एवढं सगळ्यांना माहीत झालं होतं. ती पुढं सुटली ते कुणाच्या कानावर गेलं नाही. त्या वर्षी आमची पारधीण आली तेव्हा आळीतली दारं एकामागून एक लागली. पोरांनी ढेकळं उचलली. कडेवर पोर घेतलेली ती बाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिला काही कळेना. आजी तेवढी बाहेर आली. म्हणाली, "इकडं ये गं. पाणी पी." ती आली नाही. तिच्या कडेवरचं पोर घाबरून तिच्या मानेत तोंड खुपसून बसलं होतं, आणि कुणाला घाबरून, तर मुरुडच्या सभ्य वस्तीला. ती पुन्हा कधी आमच्या गल्लीत दिसली नाही. आजीचे गुडघे पुढं दुखतच राहिले.

त्या रात्री मी धारप उघडले, तर त्यांची भुतं मला फार सज्जन वाटली. ठरल्या वेळी येणारी, ठरल्या मंत्रानं जाणारी, आणि जात न विचारता सगळ्यांना सारखी छळणारी.

मानवतवर १९८१ साली अमोल पालेकरांनी 'आक्रीत' काढला, पटकथा तेंडुलकरांची. तो मी पाहिला आणि आठ दिवस काही वाचलं नाही. नवव्या दिवशी मतकरी काढले. सवय वाईट! नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, आणि त्यासाठी अठरा वर्षं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात खून झाला. आडरानात नव्हे, हे मुद्दाम नमूद करतो. ऐन पुण्यात, सकाळी, पुलावर.

२०२४ साली 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. पुण्याचा माझा भाचा ती एका रात्रीत संपवून, लाल डोळ्यांनी फोनवर मला विचारत होता, "मामा, हे सगळं तुमच्या गावाकडे झालं होतं? खरंच?"

"छे रे," मी म्हणालो, "आमच्याकडे नाही. ते तिकडे, परभणीकडं."