डबा बंद, गाणं चालू

२०१२ च्या सप्टेंबरात रास्पबेरी पायचा सुधारित बोर्ड आला, तेव्हा त्यावर आठ रिकामी भोकं होती. चार-चारच्या दोन रांगा. पिना बसवलेल्या नव्हत्या. ज्याला हव्या असतील त्यानं सोल्डर तापवून स्वतः बसवाव्यात. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवावं म्हणून केंब्रिजमध्ये घडवलेल्या, एटीएम कार्डाएवढ्या या संगणकाकडे गाणंवेड्यांचं लक्ष वळलं ते बरंचसं या भोकांमुळे. गाण्याचे आकडे जसेच्या तसे बाहेर काढायची वाट तिथे होती.

तोवर पायच्या आवाजाचं कौतुक करणारं कुणी भेटणं कठीण होतं. ३५ डॉलरमध्ये संगणक द्यायचा तर काटकसर आलीच, आणि ती आवाजावर झाली. आकड्यांचा आवाज करणारी स्वतंत्र चिप, म्हणजे डॅक, बोर्डावर नव्हतीच. इअरफोनची खाच होती, पण तिच्यामागे प्रत्येक कानासाठी एक पिन अतिवेगानं चालू-बंद करायची आणि ते स्पंद गाळून आवाज म्हणून पुढे पाठवायचे, अशी युक्ती होती. सीडीतला १६ बिटांचा तपशील तिथून जेमतेम ११ बिटांचा होऊन निघे. नुसता तंबोरा वाजत असेल तर लगेच कळायचं: जवारीच्या मागे सळसळ, जणू शेजारच्या खोलीत कुणी भजी तळतंय.

यूएसबीवर बाहेरचा डॅक लावावा, तर तिथेही खोडा. पहिल्या पायमध्ये नेटवर्कची केबल आणि यूएसबी यांची वाहतूक एकाच वाटेनं चाले. घाटातल्या एकेरी रस्त्यावर दोन्हीकडून एसटी याव्यात तशी गत. मधूनच टिक-टक ऐकू येई.

एवढा त्रास घ्यायची हौस मात्र पायच्या आधीची. कॅलिफोर्नियात शॉन अ‍ॅडम्स यानं स्लिम डिव्हायसेस ही कंपनी काढली आणि २००१ मध्ये स्लिम्प-थ्री नावाचा छोटा डबा विकायला आणला. त्याच्या पोटात हार्ड डिस्क नव्हती. समोर चमकणाऱ्या अक्षरांच्या दोन ओळी, मागे नेटवर्कची केबल. गाणी दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर, आणि तिथला सर्व्हर ती डब्याकडे पाठवणार. २००३ मध्ये त्याचा वारस स्क्वीझबॉक्स आला. त्याला वाय-फायही मिळालं. २००६ मध्ये लॉजिटेकनं ही कंपनी विकत घेतली.

अ‍ॅडम्सचा खरा शहाणपणा डब्यात नव्हता, सर्व्हरमध्ये होता. पर्ल भाषेत लिहिलेला तो प्रोग्रॅम पहिल्यापासून मुक्त होता. कुणीही उघडावा, दुरुस्त करावा. पुढे याच गोष्टीनं कंपनीच्या निर्णयावर मात केली. २०१२ मध्ये लॉजिटेकनं स्क्वीझबॉक्सची मालिका बंद केली. त्याच वर्षी, २९ फेब्रुवारीला, रास्पबेरी पाय विक्रीला आला होता. मालकानं दुकानाला टाळं लावलं, पण पाककृती गावभर झालेली होती. स्क्वीझलाइट हा चिमुकला प्रोग्रॅम पायवर चढवला की सर्व्हर त्याला आपल्यातलाच एक मानून गाणी पाठवू लागे.

दुसरी वाट अ‍ॅपलच्या अंगणातून आली, तीही कुंपणावरून उडी मारून. २००४ मध्ये अ‍ॅपलनं एअरपोर्ट एक्स्प्रेस हे भिंतीच्या प्लगमध्ये बसणारं यंत्र काढलं. आयट्यून्समधलं गाणं हवेतून त्याच्याकडे जाई आणि तिथून स्पीकरला. पण पाठवणी कुलूपबंद होती, आणि किल्ली यंत्राच्या आत दडवलेली. जेम्स लेर्ड याच्या मैत्रिणीनं घर बदललं आणि तिचं एअरपोर्ट एक्स्प्रेस नव्या घरच्या वाय-फायशी जुळेना. लेर्डनं ते डिंकानं घट्ट बसवलेलं यंत्र हात खरचटून घेत उघडलं, आतली मेमरी वाचली, किल्ली शोधली आणि २०११ च्या एप्रिलमध्ये शेअरपोर्ट हा प्रोग्रॅम जाहीर केला; तो चढवला की साधा संगणकही एअरपोर्ट एक्स्प्रेससारखं गाणं घेऊ लागे. घर बदलण्याच्या कटकटीतून जगाच्या पदरात एवढं पडल्याचं उदाहरण विरळाच.

तिसरा आधार होता २००३ पासून चालत आलेल्या म्युझिक प्लेयर डीमनचा, म्हणजे एमपीडीचा. याला चेहराच नाही. तो पडद्यामागे वाजवत राहतो. फोनवरून गाणं लावायचं आणि फोन खुशाल बंद करायचा. दोन ट्रॅकच्या मधे तो खंडही पडू देत नाही. ख्यालाची विलंबित आणि द्रुत बंदिश वेगळ्या ट्रॅकवर असली की याचं मोल कळतं. एमपी-थ्री बनवतानाच फाइलीच्या आगेमागे किंचित शांतता भरली जाते, आणि साध्या प्लेयरवर ती ऐन सांध्यावर ठेचकाळते.

फ्लॉरेन्सच्या मिकेलान्जेलो ग्वारिसी यानं एमपीडीभोवती पायसाठी तयार प्रणाली बांधली. २०१३ मध्ये ती रास्पीफाय होती, पुढे व्होल्युमिओ झाली. टिम कर्टिसची मूड ही तशीच प्रणाली आली. पिकोअरप्लेयरनं स्क्वीझबॉक्सची परंपरा उचलली आणि सगळी प्रणाली मेमरीतच चालवली, त्यामुळे सरळ प्लग उपटला तरी मेमरी कार्ड सहसा बिघडत नाही. घरात वडीलधारी माणसं असतील तर ही सोय आवाजापेक्षाही महत्त्वाची.

आता ती आठ भोकं. त्यांतून निघणारी आय-टू-एस ही वाट फिलिप्सनं १९८६ मध्ये ठरवून दिलेली: एक तार ठेका धरते, दुसरी डावा-उजवा कान सांगते, तिसरीवरून आकडे जातात. पायवर ती चालवणारा लिनक्सचा ड्रायव्हर फ्लोरियान मायर यानं २०१३ मध्ये लिहिला, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या हायफायबेरीनं भोकांवर बसणारं डॅकचं कार्ड काढलं. २०१४ च्या जुलैत बी-प्लस बोर्ड आला तो ४० पिना घेऊनच. आय-टू-एसच्या तारा आता १२, ३५ आणि ४० या पिनांवर होत्या. सोल्डर तापवायची गरज संपली. कार्ड वरून दाबलं की बसलं.

ठेक्याची गडबड तेवढी उरली. सुरुवातीच्या पायचं घड्याळ १९.२ मेगाहर्ट्झचं. सीडीच्या ४४,१०० नमुन्यांसाठी दोन कानांचे प्रत्येकी ३२ बिट धरले तर सेकंदाला २८,२२,४०० ठोके लागतात. भागाकार केला की येतात ६.८०. पूर्ण आकडा नाही, म्हणून पाय ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त करून सरासरी जुळवतो. तबलजी समेवर बरोबर येतो, पण मधल्या मात्रा मागेपुढे. यावर उपाय म्हणून काही कार्डांवर ठेका देणारे स्वतःचे दोन स्फटिक आले. त्यातल्या २२.५७९२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला त्या २८,२२,४०० ठोक्यांनी भागलं की नेमके आठ येतात. मग कार्ड ठेका धरतं आणि पाय मुकाट्यानं त्यामागे चालतो.

हा फरक कानाला किती कळतो यावर शौकिनांत रात्र रात्र वाद होतात. महागड्या वीजपुरवठ्याबद्दलचे बरेच दावे तर श्रद्धेच्या खात्यात टाकावेत. पण सळसळीच्या खाचेतून डॅकच्या कार्डावर येणं हा फरक मात्र कुणालाही ऐकू येतो, आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पीसीएम ५१०२ चिपचा जांभळा, बोटभर तुकडा काही शे रुपयांत मिळतो.

जोडणीचं काम संध्याकाळभराचं. मेमरी कार्डावर प्रणाली लिहायची, सेटिंगच्या फाइलीत बोर्डाचा स्वतःचा आवाज बंद करून कार्डाचं नाव घालायचं, अ‍ॅम्प्लिफायरला तारा लावायच्या. गोंधळ होतो तो शेवटी. ५१०२ सारख्या साध्या चिपला आवाज कमी-जास्त करायची सोय नसते. प्रणालीत ते काम सॉफ्टवेअरकडे द्यायचं राहिलं आणि अ‍ॅम्प्लिफायरचं बटण वर असलं, तर पहिलीच सनई अख्ख्या इमारतीला ऐकू जाते.

पायच्या कर्त्यांनीही पुढे हा धंदा ओळखला. आयक्यूऑडिओ ही कार्डं बनवणारी ब्रिटिश कंपनी त्यांनी २०२० मध्ये घेतली. २०२३ च्या पाय ५ वरून इअरफोनची ती बदनाम खाच काढूनच टाकली.

आणि स्क्वीझबॉक्स? २०२४ मध्ये लॉजिटेकनं त्याची इंटरनेटवरची सेवाही थांबवली. सर्व्हरनं लॉजिटेकचं नाव टाकलं, लिरिऑन हे नवं नाव घेतलं आणि काम चालू ठेवलं. पिकोअरप्लेयर घातलेल्या पायला सात इंचांचा स्पर्शपडदा जोडून जाइव्हलाइट हा प्रोग्रॅम सुरू केला की बंद पडलेल्या स्क्वीझबॉक्स टचच्या घराण्यातलाच मेनू समोर उभा राहतो. गाण्याच्या नावावर बोट ठेवायचं, की शेजारच्या खोलीतला, त्याच्याशी जुळवून ठेवलेला जुना स्क्वीझबॉक्सही सोबतीनं तेच गाणं म्हणू लागतो.