व्हिडिओ फीडबॅक

कॅमेरा ज्या पडद्याला जोडलेला आहे त्याच पडद्यावर रोखल्याने उमटणारी चित्रमालिका, तसेच तिच्यावर उभा राहिलेला कलाप्रकार. पडद्यावरचे चित्र कॅमेरा टिपतो, ते पुन्हा पडद्यावर येते आणि पुन्हा टिपले जाते. टीव्हीच्या पद्धतीनुसार हे चक्र सेकंदाला सुमारे २५ किंवा ३० वेळा फिरते. कॅमेरा किंचित कलता ठेवला, तर प्रत्येक फेरीत चित्रही तेवढेच वळते आणि सर्पिल आकार तयार होतात. पडदा चौकटीत लहान दिसू दिला, तर आत आत जाणारे भुयार दिसते.

सारी करामत उजेडाच्या प्रमाणात आहे. फेरीगणिक चित्र मंदावत गेले तर ते विझते, उजळत गेले तर पडदा पांढराफटक होतो. या दोहोंच्या सीमेवर पाकळ्या, चक्रे आणि धडधडणारे ठिपके आपोआप घडतात. मध्येच हात आडवा घातला तरी सगळी आकृती बदलते. या वर्तनाचा गतिकीच्या अंगाने अभ्यास भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्रचफील्ड यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेच्या १९६३ मधील शीर्षकदृश्यात बर्नार्ड लॉज यांनी हे तंत्र वापरले होते. पुढे कलावंत नाम जून पाइक आणि अभियंते शुया आबे यांनी चित्रसंकेत घडवणारा व बदलणारा स्वतःचा व्हिडिओ सिंथेसायझर बांधला. स्टाइना आणि वूडी वासुल्का यांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘द किचन’ हे कलाकेंद्र सुरू केले. शिकागोत डॅन सँडिन यांनी ‘इमेज प्रोसेसर’ हे यंत्र घडवले. त्याचे आराखडे त्यांनी इतरांना नक्कल करण्यासाठी खुले ठेवले, हे त्या काळच्या मोकळेपणाला साजेसेच होते.

फीडबॅकच्या जोडीने थेट चित्रांचे थरही चढवले जातात; त्याची मुख्य युक्ती म्हणजे ‘की’: चित्रातील ठरावीक रंगाचा किंवा उजेडाचा भाग गाळून तेथे दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र बसवायचे. पीटर कॅम्पस यांच्या ‘थ्री ट्रान्झिशन्स’ (१९७३) मध्ये कलावंत चेहऱ्यावर रंग फासतो आणि त्याखालून त्याचाच दुसरा चेहरा प्रकटतो. परिणामांची रेलचेल करणाऱ्या असंख्य कृतींपेक्षा ही साधी योजना आजही सरस ठरते.

संगणकावर फीडबॅकचे हेच चक्र घडवण्यासाठी मागील फ्रेम स्मृतीत ठेवतात, ती थोडी फिरवून व मंद करून कॅमेऱ्याच्या ताज्या फ्रेममध्ये मिसळतात. लागोपाठच्या दोन फ्रेमची वजाबाकी केली, तर फक्त हालचाल उरते आणि ती थर म्हणून वापरता येते. प्रोसेसिंग, जिटर, टचडिझायनर ही यासाठीची परिचित साधने; ऑलिव्हिया जॅक यांचे ‘हायड्रा’ तर ब्राउझरमध्येच चालते. मागची फ्रेम पुढच्या फ्रेममध्ये शिरत नसेल, तर थर कितीही चढवले तरी तो केवळ फिल्टरच राहतो.

जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावरील चकाकी क्षणभर रेंगाळे आणि तीही आकृतीचा भाग बने. सपाट पडद्यांवर ती नाही, शिवाय चित्र किंचित उशिरा पोहोचते. त्यामुळे जुनी मांडणी तशीच ठेवूनही त्या काळच्या आकृत्या नव्या पडद्यावर हुबेहूब मिळत नाहीत.