घोड्यांतील आंत्रकृमींचा औषधरोध

घोड्याच्या आतड्यातील कृमींवर पूर्वी गुणकारी असलेले औषध नेहमीच्या मात्रेत निष्फळ ठरणे व हा गुण कृमींच्या पुढील पिढ्यांत उतरणे, यास औषधरोध म्हणतात. मुळातच रोधक्षम असलेले थोडे कृमी औषधातून वाचतात व त्यांचीच प्रजा कुरणात वाढत जाते.

विसाव्या शतकाच्या मध्यास स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस हा मोठा गोलकृमी घोड्यांना सर्वांत घातक समजला जाई. त्याचे डिंभ आतड्याला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत वाढतात. तेथे रक्ताची गुठळी होऊन घोडा पोटशूळाने दगावतो. १९४० नंतर फिनोथायाझीन हे औषध प्रचारात आले. परंतु १९६१ मध्ये अमेरिकेत जे. एच्. ड्रज व जी. एलम यांनी त्याला रोध आढळल्याचे नोंदविले. थायाबेंडाझोलाचीही काही वर्षांतच तीच गत झाली. १९६६ मध्ये केंटकी विद्यापीठातील ड्रज व ई. टी. लायन्स यांनी घोड्यांना दर सहा ते आठ आठवड्यांनी औषध देण्याची पद्धत मांडली. ती अनेक देशांत रूढ झाली व मोठा कृमी दुर्मिळ झाला. मात्र त्याच पद्धतीमुळे सायाथोस्टोमिन या लहान कृमींच्या सुमारे ५० जातींमध्ये रोधक्षम वाणांची निवड होत गेली. त्यांचे आतड्याच्या भित्तीत सुप्त असलेले डिंभ एकाच वेळी बाहेर पडल्यास तीव्र अतिसार होऊन घोडा दगावू शकतो.

१९८० नंतरच्या दशकात आयव्हरमेक्टिनामुळे हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. तथापि शिंगरांतील पॅरास्कॅरिस कृमींमध्ये त्याला रोध असल्याचे २००२ मध्ये नेदर्लंड्समधून, तर लहान कृमींमध्ये असल्याचे २०२० मध्ये आयर्लंडहून अमेरिकेत आणलेल्या घोड्यांच्या अभ्यासातून प्रसिद्ध झाले. आयव्हरमेक्टिनाच्या गटानंतर घोड्यांतील गोलकृमींवर नवा औषधगट उपलब्ध झालेला नाही.

म्हणून लिदीतील अंडी मोजून केवळ जास्त अंडी टाकणाऱ्या प्रौढ घोड्यांनाच औषध द्यावे व सुमारे १४ दिवसांनी पुन्हा मोजणी करून त्याचा गुण पडताळावा, अशी शिफारस केली जाते. औषध न दिलेल्या घोड्यांतील संवेदनक्षम कृमींची प्रजा कुरणात टिकून राहते व रोधाचा प्रसार मंदावतो. डेन्मार्कमध्ये १९९९ पासून पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय कृमिनाशके मिळेनाशी झाली. तथापि निवडक उपचार करणाऱ्या तेथील तबेल्यांत स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस अधिक प्रमाणात असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. यामुळे औषधे कमी करताना या जुन्या शत्रूसाठी वेगळी तपासणी चालू ठेवणे आवश्यक ठरते.