साताऱ्याची प्रिया

आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना साल विचारलं की उत्तरात प्रसंग मिळतो. आत्याचं लग्न कोयनेच्या भूकंपाआधीच्या वैशाखातलं, म्हणजे 1967चं. काका कॉलेज सोडून घरी आले ते 1972च्या दुष्काळात. आणि स्कूटरचं विचारलं की आबा, म्हणजे माझे वडील, सांगायचे, "बुकिंग दुष्काळातलं, गाडी आली आणीबाणी उठल्यावर." मधली पाच वर्षं ते एका दमात ओलांडून जायचे. आम्हा मुलांनाही त्यात काही विशेष वाटायचं नाही. सगळ्यांच्याच गाड्या तशा यायच्या.

ती गाडी म्हणजे 'प्रिया'. आबांचे गुडघे धरल्यापासून ती पडवीत जुन्या सतरंजीखाली उभी होती. आबा गेल्यावर ती पुन्हा चालू करायचं मनावर घेतलं आणि लक्षात आलं, की हिच्याबद्दल खरोखर ठाऊक असलेली माणसं आता तीनच उरलीत. आत्या, काका आणि पोवई नाक्याकडे वर्षानुवर्षं गॅरेज चालवलेले मिस्त्रीकाका. पान्हे बाहेर काढण्याआधी मी या तिघांकडे जाऊन बसायचं ठरवलं. नुसतं इंजिन सुरू करून भागणार नव्हतं. ही गाडी आमच्या दारात कशी आली तेही मला नीट ऐकून घ्यायचं होतं.

सुरुवात आत्याकडून. तिची आठवण लख्ख आहे आणि ती कुणाची भीड ठेवत नाही. स्कूटरच्या विक्रीवर 1960 पासून सरकारी नियंत्रण होतं. पोस्टात अडीचशे रुपयांचं खातं काढायचं, ते विक्रेत्याच्या नावे गहाण टाकायचं आणि नोंदवहीत नंबर लावायचा. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या ते दिल्लीचा परवाना ठरवी. मागणी कितीही वाढो, परवाना वाढल्याशिवाय गाड्या वाढायच्या नाहीत. त्यामुळे बजाजच्या गाडीसाठी कुठे पाच, कुठे दहा वर्षंसुद्धा लोक थांबले. ज्याचा भाऊ परदेशात होता त्याला डॉलर भरून आधी गाडी मिळे. ज्याच्याकडे रोकडा होता तो कुणाची तरी नुकतीच आलेली गाडी वरचे पैसे मोजून उचली. लग्नाच्या बोलणीत 'नंबर लागलाय' हे स्थळाच्या बाजूने सांगितलं जाई, आणि मुलीच्या बापाकडे स्कूटर मागितलीही जाई.

"तुमच्या पिढीला त्या थांबण्याचं फार कौतुक आहे," आत्या म्हणाली. "मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. रात्री अपरात्री बाळंतपणाला बोलावणं यायचं. मी कुठून पाच वर्षं थांबणार? गॅसला नंबर, फोनला नंबर, स्कूटरला नंबर. दादाला शाळा सायकलवर जमायची, म्हणून तो थांबला."

आत्याने पुढे लुना घेतली. नगरच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली काढलेली ही मोपेड स्कूटरच्या मानाने अगदीच किरकोळ दिसायची. पेट्रोल संपलं तर पॅडल मारत घरी यायचं. पण तिच्यावर बसून आत्या शेजारच्या गावांना एकटी जायला लागली. लुगडं घट्ट खोचून, मागे औषधांची पेटी बांधून. स्कूटरचा इतिहास सांगताना आपण रांगेत उभ्या राहिलेल्या पुरुषांबद्दल बोलतो. ज्यांना रांग परवडणारी नव्हती त्या बायका राहून जातात. म्हणून आबांच्या प्रियाची गोष्ट आत्याच्या लुनाशिवाय मला अर्धी वाटते.

काकांची गोष्ट कारखान्याची. मूळ गाडी इटलीतली. दुसऱ्या महायुद्धात विमानं बनवणाऱ्या पियाजिओचा पोंतेदेराचा कारखाना बाँबफेकीत उद्ध्वस्त झाला. लढाईनंतर विमानं करता येईनात, तेव्हा 1946 साली त्यांनी व्हेस्पा बाजारात आणली. तिचा आराखडा कोर्रादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याचा. त्याला मोटरसायकली आवडत नसत. साखळीच्या वंगणाने कपडे खराब होतात, पंक्चर काढणं जिकिरीचं, पाय टाकून बसावं लागतं. म्हणून त्याने साखळी काढलीच, इंजिन मागच्या चाकाला चिकटवून झाकून टाकलं, गिअर हातात दिला आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. चाक चटकन निघतं ते त्यामुळे. नऊवारी नेसलेली आजी मागे एका अंगाने बसू शकायची आणि पायापाशी गॅसचं सिलिंडर मावायचं, यातही त्या इटालियन माणसाचा हात आहे.

बजाजने पियाजिओशी करार करून आकुर्डीत या गाड्या बनवायला घेतल्या. करार 1971 साली संपला आणि पुढच्याच वर्षी 'चेतक' आली. मग 1975 साली राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली, ती साताऱ्यात. काका तिथे असेंब्लीला लागले. आकुर्डीहून सुटे भाग यायचे आणि इथे गाडी जोडली जायची. 'प्रिया' हे तिचं नाव. काका सांगतात, पहिल्या काही महिन्यांत नातेवाइकांचा ससेमिरा असा मागे लागला की ते बाजारात जायचे बंद झाले. जो भेटेल तो म्हणे, आमचा नंबर जरा वर सरकवा. कामगाराच्या हातात नटबोल्ट होते, नोंदवही नव्हती. सख्ख्या भावाचा नंबरसुद्धा त्यांनी सरकवला नाही. आबांनी बजाजचं जुनं बुकिंग तसंच ठेवून प्रियासाठीही नाव नोंदवलं होतं आणि प्रियाचा नंबर आधी आला. रंग विचारायची पद्धत नव्हती. निळी आली, निळी घेतली.

या दोघांचं ऐकून झाल्यावर मिस्त्रीकाकांना आणलं. आता ते गॅरेज चालवत नाहीत, पण सतरंजी ओढल्याबरोबर त्यांनी पॅनेलवर थाप मारली आणि आवाज ऐकला. "पत्रा खणखणीत आहे. बाकी सगळं होतं."

भाच्याचा पाय किकवर गेलाच होता, त्याला त्यांनी जोरात थांबवलं. बंद गाडीत पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला धरतात. अशा वेळी दणादण किका मारल्या तर रिंग तुटते आणि बोअरला कायमची चरी पडते. त्यांनी प्लग काढला, भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि चहा मागितला. आज एवढंच, म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून पुढेमागे हलकेच झुलवायला सांगितली. आधी चाक दगडासारखं घट्ट. मग कधीतरी बोटभर सरकलं, आणि थोड्या वेळाने पिस्टन सुटल्याचा ओला आवाज आला. तेव्हा कुठे किकेला पाय लावायची परवानगी मिळाली. मिस्त्रीकाकांनी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला. हवेने अंगठा उडाला. "दम आहे," ते म्हणाले.

दम होता, ठिणगी नव्हती. प्लग हेडला टेकवून किक मारली की टोकाशी निळी ठिणगी दिसायला हवी. तिथे काहीच नाही. उजवं पॅनेल उतरवून त्यांनी फ्लायव्हीलच्या खिडकीतून बॅटरी मारली. आत पॉइंट असतात. इंजिनच्या प्रत्येक फेऱ्याला ते उघडमीट करतात, उघडल्या क्षणी कॉइलमध्ये दाब तयार होतो आणि प्लगला ठिणगी मिळते. आमच्या पॉइंटच्या तोंडावर पांढरट साय धरली होती. बारीक काचपेपरची पट्टी दोन्ही तोंडांमध्ये घालून त्यांनी ती हळूहळू ओढली, मग सुती चिंधीने पुसून घेतली. काचपेपरचा एक कण राहिला तरी पुन्हा पहिले पाढे, म्हणून चिंधी दोनदा बदलली. फट 0.4 मिलिमीटरच्या आसपास ठेवायची. त्यांच्याकडे फीलर गेज होतं, पण घाटात गाडी बंद पडल्यावर काय करायचे? "पोस्टकार्ड," ते म्हणाले. "प्रत्येकाच्या खिशात असायचं. त्याची कड घालून बघायची, आणि घरी जाऊन पत्र लिहायचं." कंडेन्सर मात्र गेलेला होता. तो नवा घातला आणि पडवीच्या अंधारात ठिणगी दिसली. आत्याने टाळी वाजवली.

कार्बोरेटरचं काम अधिक चिकट. जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा तपकिरी थर उरतो. जेटचं सुईएवढं भोक त्याने बुजतं. इथे तार घालायची नाही, हा मिस्त्रीकाकांचा दंडक. तारेने भोक मोठं होतं, मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. ब्रशचा एक केस आणि सायकलचा पंप, एवढ्यावर त्यांनी जेट मोकळा केला. टाकीत गंज होता. ती उतरवून आत बारीक खडी आणि डिझेल घातलं आणि आळीपाळीने सगळ्यांनी हलवली. भाच्याला हे काम सर्वांत आवडलं. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळतं आणि त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साठत जाते. पूर्वी मिस्त्रीकाका होळीची वाट बघायचे. दुसऱ्या दिवशीच्या निखाऱ्यात गल्लीतले सायलेन्सर रांगेने ठेवायचे, आतली काजळी जळून जायची, आणि धुळवडीला सातारा हलका होऊन पळायचा.

गिअरच्या केबली बदलताना काकांनी आबांचा किस्सा सांगितला. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर केबल तुटली आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकली. मागे आई, पुढे उभी ताई, मध्ये मी. आबांनी तसाच दुसऱ्या गिअरवर घाट चढवला, उतरवला आणि थेट घरी आणली. या गाडीला बॅटरी नाही, दिव्याला वीज इंजिनकडूनच मिळते. इंजिन मंदावलं की दिवा मिणमिणतो. अंधार पडल्यावर रस्ता दिसावा म्हणून ते इंजिन चढं ठेवत होते. आईला वाटलं, रागावलेत. आईने ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. काकांना ती आबांनी सांगितली होती.

अशी दुरुस्ती शक्य झाली ती गाडी उघडता येते म्हणून. थोडे पान्हे, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि धीर, एवढ्यात तिचा प्रत्येक भाग हातात येतो. रिमचे दोन भाग नटांनी जोडलेले असतात, ते सोडवले की टायर काढायला पट्ट्या लागत नाहीत. वर्षानुवर्षं थांबून मिळालेली वस्तू कुणाच्या हवाली करायला माणसं तयार नसायची, म्हणून कारकून, मास्तर, सोनार सगळेच थोडेफार मिस्त्री झाले. आबांच्या डिकीत जास्तीचा प्लग, क्लचची केबल आणि काचपेपर अजून तसाच होता. ही विद्या नाइलाजातून आली हे आत्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तरी ती विद्या होती, आणि ती आता तीन म्हाताऱ्या माणसांकडे उरली आहे, याची मला खरी काळजी वाटते.

पेट्रोल पंपावर 2 टक्के ऑइल, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, असं सांगितलं तर पोरगा बघत राहिला. ऑइल आम्हीच मापून घातलं. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून गाडी ठेवताना कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जाळून टाकायचं, असं मिस्त्रीकाकांनी बजावलं. नोंदणीचं नूतनीकरण आणि नवी नंबरप्लेट ही कामं रांगेत उभं राहून झाली.

शेवटी चोक ओढला, गाडी एका अंगावर कलती केली, सरळ केली आणि काकांनीच किक मारली. जोडणारा तोच, म्हणून मान त्यांचा. निळा धूर, फटफट, मग लय धरलेला आवाज. गल्लीतले सगळे म्हातारे बाहेर आले. एकाला स्वतःच्या बुकिंगचा नंबर अजून पाठ होता, तो त्याने मोठ्याने सांगितला.

मिस्त्रीकाकांनी नव्या रिंगा घातल्या आहेत. त्या बसेपर्यंत ताशी चाळीसच्या वर न्यायची नाही, मागे दोघं बसवायचे नाहीत आणि घाट तर नाहीच. पूर्वी नव्या गाडीच्या मागे 'रनिंग इन' अशी पाटी लावत. भाच्याने तशी रंगवून आणली. आत्याला मात्र याच आठवड्यात घाट चढून यवतेश्वरला जायचं आहे. मिस्त्रीकाका नाही म्हणाले. तिने त्यांना पुन्हा जेवायला बोलावलं आहे.